पाडावाची गाणी

महाडच्या कॉलेजात मी तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यातलं बरंचसं मुलांनी परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं आणि मीही पगारापुरतं शिकवलं, हे आता निवृत्तीला चार महिने उरलेले असताना कबूल करायला हरकत नाही. मध्ययुगातल्या इंग्लंडचा एक तास मात्र मी दर वर्षी जीव लावून घ्यायचे. त्या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी असायची.

त्या काळात तिकडे मठात राहणारे लोक बखरी लिहीत. त्यातल्या एकाची गंमत मी सांगायचे. हा बखरकार राजाच्या स्वाऱ्यांची हकीकत फ्रेंच भाषेत, पद्यात लिहितो, कारण तिथल्या बड्या लोकांची भाषा तेव्हा फ्रेंच होती. सगळं भारदस्त. राजा निघाला, शहर पडलं, अमुक सरदार शरण आला. आणि मध्येच, स्कॉटलंडची फौज हरली की हा भला माणूस भाषाच बदलतो आणि इंग्रज शिपायांची गाणी जशीच्या तशी, त्यांच्या रांगड्या इंग्रजीत उतरवून ठेवतो. हरलेल्यांचे कपडे कसे फाटके होते, कसे पडले, कसे पळाले, एवढाच त्या गाण्यांचा विषय. राजाचं कौतुक दरबारी भाषेत करता येतं, पण वाकुल्या दाखवायला घरचीच भाषा लागते, असं मी म्हणायचे. मुलं हसायची आणि मला शिकवल्यासारखं वाटायचं.

ही गोष्ट मी बाबांनाही सांगितली होती. बाबा टेलर. मूळ गाव नाते गावाच्या पलीकडचं, पण दुकान महाडात, बाजारपेठेच्या सखल भागात. मी सांगत होते तेव्हा ते शाळेच्या गणवेशाच्या चड्ड्या शिवत होते. मशीन थांबवून त्यांनी विचारलं, कपडे फाटके म्हणून चिडवलं, एवढंच? मी म्हटलं, साधारण तेवढंच. ते म्हणाले, मग तुझे शिपाई नवशिके होते. फाटक्याला कोणीही हसतो. नवाकोरा फेटा बांधून आलेल्या माणसावर लोकांना हसवून दाखवलं पाहिजे. आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

त्यांना ते म्हणायचा अधिकार होता, कारण बाबा शाहीर होते. आमच्याकडे गौरी-गणपतीत बाल्या नाच होतो. काही जण जाखडी म्हणतात. मध्ये शाहीर, ढोलकीवाला आणि झांजा, भोवती एका पायात चाळ बांधून गोल नाचणारे गडी. दोन गावांचे नाच समोरासमोर आले की ती बारी. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं, ज्याचं अडलं तो हरला. इथपर्यंत कोकणात सगळीकडे सारखंच. आमच्या आठ-दहा गावांत मात्र पुढे आणखी एक रीत होती. जिंकलेल्या शाहिराने हरलेल्यांवर एक गाणं म्हणायचं. त्याला पाडाव म्हणत. आणि त्या गाण्याला ढोलकी हरलेल्यांनी धरायची. म्हणजे लोक आपल्याला हसणार, आणि त्याला ठेका आपणच द्यायचा. ठेका चुकला तर पाडाव पुन्हा पहिल्यापासून. हरलेल्याने उलट उत्तर द्यायचं नाही. पुढे कधी तो स्वतः बारी जिंकला, तरच त्याला पाडाव म्हणायचा हक्क.

बाबांच्या तावडीत वर्षानुवर्षं एकच माणूस सापडायचा. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे रस्ता फुटतो, त्या रस्त्यावरच्या एका गावाचा शाहीर. घाटात रस्त्याच्या कामावर मुकादम होता. दरड पडली की हा आणि त्याची गँग. आम्ही सगळे त्याला मुकादमच म्हणायचो. आवाज खणखणीत, खरं सांगायचं तर बाबांपेक्षा कितीतरी चांगला. पण बाबा झटकन टोचायचे आणि तो विचार करायचा. बारीत विचार करणारा हरतो. नऊ वेळा दोघे समोरासमोर आले आणि नऊ वेळा मुकादम हरला. हरला की ढोलकी तो स्वतः मांडीवर घ्यायचा. आपल्या ढोलकीवाल्याला कशाला लाज, म्हणायचा.

मी शाळेत असताना त्यातल्या चार-पाच बाऱ्या पाहिल्या आहेत. भर दुपारी, देवळासमोरच्या मांडवात. बाबा गात असताना लोक हसून हसून वाकायचे, आणि मध्ये तो उंच माणूस खाली मान घालून एकही ठोका न चुकवता वाजवत बसलेला. मला तेव्हा बाबांचा फार अभिमान वाटायचा. मुकादमाकडे मी कधी नीट पाहिलंच नाही.

पुढे गडी मुंबईला गेले, काही आखातात गेले, चाळ माळ्यावर गेले. नववी बारी शेवटची ठरली. त्यालाही पस्तीसेक वर्षं झाली. बाबांनी नऊ पाडाव मापांच्या वहीत लिहून ठेवले होते. वही पुढून उघडली की छाती, कंबर, बाही. मागून उघडली की गाणी. गिऱ्हाईक नसलं की ते वही उलटी करून बसायचे.

मग तो मोठा पूर आला. सावित्री नदीचं पाणी दुकानात वरच्या फळीपर्यंत चढलं. बाबा आमच्याकडे वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. पाणी ओसरल्यावर शेजारच्या कापडवाल्या चाचांनी स्वतःचे सगळे तागे चिखलात गेलेले असताना आधी बाबांचं मशीन ओढून बाहेर काढलं. मशीन धुऊन, तेल घालून चालू झालं. वही तिसऱ्या दिवशी सापडली. मी पानं सोडवायला गेले तर हातात लगदा आला. पंख्याखाली ठेवली, राखेत ठेवली, काही उपयोग झाला नाही. शाई धुऊन गेली होती.

बाबा रडले वगैरे नाहीत. दुकान पुन्हा उघडायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं. पण जेवता जेवता ते मध्येच म्हणायचे, "डोंगरावरनं आली फौज, फेटे बांधून ऐटीत..." आणि थांबायचे. दुसरी ओळ मीच कुठे तरी लपवून ठेवली आहे असं माझ्याकडे बघायचे. मला ती येत नव्हती. मला चाल आठवत होती, लोक हसलेले आठवत होते, शब्द नाही. पहिल्या वर्षी ते म्हणायचे, आठवेल. दुसऱ्या वर्षी म्हणायला लागले, वय झालं. आणि एक दिवस अगदी शांतपणे म्हणाले, "गाणी मी क्येलीच नसतील गो. चड्ड्या शिवल्या मी. बाकी मनाचे ख्येळ."

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. विसरणं मी समजू शकत होते, पण त्यांनी स्वतःवरच शंका घ्यावी हे मला सहन होईना. त्यानंतर ते बोलायचेही कमी झाले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस भिंतीकडे बघत बसला की घरातल्यांना कळतं काय चाललंय ते. मी ठरवलं, जिवंत आहेत तोवर गाणी परत आणायची.

पहिल्यांदा अर्थातच बाबांच्या नाचातल्या लोकांकडे गेले. गावातले दोघे, दासगावला मुलीकडे राहणारे ढोलकीवाले काका, मुंबईहून शेतीच्या कामाला आलेला एक जण. सगळ्यांनी प्रेमाने बसवलं, चहा पाजला. सगळ्यांना जिंकलेलं आठवत होतं. कुठल्या साली कोणाचा फेटा पडला, पाऊस किती होता, सगळं. एकाला तर पक्कं आठवत होतं की हसता हसता त्याचं धोतर सुटलं होतं. मी विचारलं, गाणं कोणतं? तो म्हणाला, गाण्याचं काय, गाणं टेलरला म्हाईत. महिनाभर फिरून माझ्या हाती साडेतीन ओळी आल्या, त्यातही दोघांत भांडण.

परत येताना चाचांच्या नव्या दुकानात बसले आणि या सगळ्यांच्या नावाने खडे फोडले. चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही चुकीच्या घरी गेलात. ज्याचं जळतं त्याला कळतं. हरलेल्यांना विचारा."

इतिहास शिकवणाऱ्या बाईला हे कापडवाल्याने सांगावं लागलं. मी दिवाळीच्या सुट्टीत पोलादपूरला गेले आणि तिथून वडापच्या, सीटमागे पैसे घेणाऱ्या जीपने मुकादमाच्या गावी.

तो अंगणात नाचणीची कणसं उन्हाला पसरत होता. वाकलेला, कानाने कमी ऐकू येणारा, पण ओळखू येत होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने हातातलं कणीस खाली ठेवलं आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी पूर सांगितला, वही सांगितली.  तुमच्यावर केलेली टिंगल तुम्हीच मला सांगता का, हे कुठल्या तोंडाने विचारायचं? शेवटी विचारलं. तो मला म्हणाला, "कुठलं पायजे? कितव्या बारीचं?"

मी पहिली ओळ सांगितली. तो उभा राहिला, कानावर हात ठेवला आणि म्हणायला लागला.

*डोंगरावरनं आली फौज, फेटे बांधून ऐटीत,*
*सवाल पहिला कानी पडता, शाहीर लपला पेटीत.*
*चाळ बांधले उजव्या पायी, पाय कापती लटलट,*
*ढोलकीपरीस मोठी वाजे, गुडघ्यांचीच खटखट.*

आवाज पिकला होता, पण शब्द एक इकडचा तिकडे झाला नव्हता. मी लिहायचं विसरून फस्सकन हसले आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस माझ्यासमोर स्वतःचीच अब्रू काढून दाखवतोय आणि मी दात काढतेय. पण तोच म्हणाला, हस की, हसायसाठीच केलंय त्यानं.

नऊच्या नऊ पाडाव त्याला पाठ होते. कसे, म्हणून विचारलं तर त्याला माझा प्रश्नच कळेना. ढोलकी त्याने धरली होती. ठेका द्यायचा तर शब्द ऐकावाच लागतो. शिवाय त्याची गँग होती. दरड उपसताना, दगड लोटताना गँग हीच गाणी म्हणायची. मुकादमावरची गाणी मुकादमासमोर म्हणायला मिळतात, असं सुख कोणत्या मजुराला नको? दगड लवकर हलायचे म्हणून तोही म्हणू द्यायचा, आणि पुढे पुढे स्वतःच सुरुवात करून द्यायचा. बाबांची गाणी बाबांच्या गावात नऊ दुपारी वाजली होती. आंबेनळीच्या घाटात ती पुढे वीस वर्षं वाजत होती.

मी त्या अंगणात बसून माझ्या बखरकाराचा विचार केला. तो मठात राहणारा माणूस. लढाईला गेलेला नाही. गाणी त्याला कोणी सांगितली? मी तीस वर्षं बेधडक सांगत आले, जिंकून परतलेल्या शिपायांनी. आता मला खात्री वाटेना. कोण जाणे, एखादा पकडून आणलेला स्कॉट त्या मठाच्या दारात बसला असेल आणि त्याला सगळं पाठ असेल. याला पुरावा काही नाही, परीक्षेत कोणी लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. पण मला ते पटलं.

मुकादम मात्र चारच ओळी सांगून थांबला होता. गाणं अजून तेवढंच बाकी होतं आणि आठ पाडाव आणखी. मी पेन सरसावलं तर त्याने मान हलवली. म्हणाला, "बाकीची टेलरच्या समोर सांगीन. आनी माजं एक हाय. पस्तीस वर्सं झाली, पोटात हाय. त्ये त्यानं ऐकायचं. ढोलकी त्यानं धरायची."

मी म्हटलं, काका, पाडाव जिंकलेल्यानेच म्हणायचा ना? तो शांतपणे म्हणाला, रीत मला म्हाईत हाय, म्हणून तर इतकी वर्षं गप बसलो. मग त्याने मला हिशेब समजावला. सवालाला ज्याचं उत्तर अडलं तो हरला. त्याचा सवाल सोपा होता: टेलर, तुझी गाणी सांग. अडलास? मग दहावी बारी मुकादमाची.

विचार करणारा माणूस. पस्तीस वर्षं लागली, पण बारी त्याने बरोबर बांधली होती.

घरी आल्या आल्या मी बाबांना त्या चार ओळी वाचून दाखवल्या. 'पेटीत' शब्द आला तसा त्यांनी मांडीवर हात मारला. 'खटखट'ला त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, पुढं? मी म्हटलं, पुढचं तो तुमच्यासमोरच सांगणार आहे, आणि अट सांगितली.

ते उखडले. त्या रागाने मला बरंच वाटलं, कारण दोन वर्षांत त्यांचा आवाज असा चढला नव्हता. मी हरलो? मी? नऊ बाऱ्या मारल्या आणि आता त्या मुकादमाच्या अंगणात जाऊन ढोलकी बडवू? त्यांची मुलगी म्हणून मीही काही कमी नाही. मी त्यांना म्हटलं, हरलातच आहात तुम्ही. स्वतःच्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला अडलात. अडला तो हरला, ही रीत माझी नाही, तुमची.

असं बोलायला नको होतं. आजही आठवलं की माझीच मला लाज वाटते. ते उठून गॅलरीत गेले. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. ताट पुढे ठेवलं की जेवायचे आणि उठायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दाढी केलेली, पांढरा सदरा घातलेला, चपला पायात, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसलेले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ढोलकी त्याची हाय का आपल्याला न्यायची?

सुट्टी आदल्या दिवशीच संपली होती, म्हणून मी कॉलेजात रजा टाकली आणि गाडी काढली. पोलादपूरपर्यंत हमरस्त्याने बाबांचं बाहेर लक्ष नव्हतं. घाटाच्या रस्त्याला लागल्यावर मात्र ते काचेतून एकेक भिंत, एकेक मोरी निरखत राहिले. ही त्याच्या हाताखाली झालेली असेल, असं एकदा म्हणाले. यापूर्वी बाबा या रस्त्याने कधी आले नव्हते. दर वेळी मुकादमाचाच नाच खाली यायचा.

दोघांची भेट पाहण्यासारखी होती म्हणावं, तर तसं काही झालं नाही. गळ्यात गळा नाही, डोळ्यांत पाणी नाही. बाबांनी त्याला खालीवर पाहिलं आणि विचारलं, सदरा कोणी शिवलाय? मुकादम म्हणाला, रेडिमेड हाय. बाबा म्हणाले, दिसतंयच, खांदा बघ कुठं उतरलाय. मग दोघे घोंगडीवर बसले.

मुकादमाने पहिल्यापासून सुरुवात केली. मी भराभर लिहीत होते. पहिले दोन पाडाव बाबा नुसते ऐकत राहिले, परक्याचं काही ऐकावं तसे. तिसऱ्याला त्यांचे ओठ हलायला लागले. चौथ्यात यमकाचा शब्द मुकादमाच्या आधी त्यांच्या तोंडातून बाहेर पडला. मुकादम थांबला, त्याने हाताने 'चालू दे' अशी खूण केली, आणि पुढची ओळ दोघांनी मिळून म्हटली. सहाव्या गाण्यात एक जागा आली जिथे मुकादमाने शब्द साधा टाकला आणि बाबांनी त्याला टोकलं, तसं नाय, असं हाय. मुकादमाने आठवून पाहिलं आणि कबूल केलं की त्याच्या गँगने तो शब्द बदलला होता.

नववा संपला तेव्हा उन्हं अंगणाच्या कडेला गेली होती. बाबा माझ्याकडे वळले.

"मीच क्येली गो," ते म्हणाले. "माजीच हायत."

 वहीत डोकं खुपसून मी रडून घेतलं. मुकादमाच्या सुनेने न विचारता पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला. त्या क्षणी मला त्या घरातल्या सगळ्या माणसांबद्दल इतकं प्रेम वाटलं की ते सांगायला मला शब्द नाहीत, आणि मी आहे इतिहासाची, शाहिराची नाही.

मुकादम आत गेला आणि ढोलकी घेऊन आला. ती त्याने बाबांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी दोन्ही बाजूंनी थाप मारून पाहिली, कान लावला, एक दोरी ओढली. ठेका बरोबर बसला. मुकादम समोर उभा राहिला. पस्तीस वर्षांनी त्याला तोंड उघडायचा हक्क मिळाला होता. त्याने आधी घसा साफ केला, मग पदर तोंडावर धरून उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं, मग बाबांकडे.

*म्हाडचा टेलर शाहीर झाला, जगाची घेतो मापं,*
*सोताच्या सदऱ्याला बटनं नाय, मोजतो लोकांची पापं.*

सून हसली. मी हसले. बाबा खाली मान घालून वाजवत होते, त्यांनी हसायचं नसतं, पण मिशीखाली काय चाललंय ते मला दिसत होतं. मुकादमाचा आवाज चढला.

*कात्रीवानी जीभ चालवून केली आमची चिंदी चिंदी...*

आणि तो थांबला. मला वाटलं दम घेतोय. त्याने ती ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा तिथेच थांबला. बाबांचा ठेका चालूच होता.  तिसऱ्यांदा मुकादमाने ओळ म्हटली आणि मग माझ्याकडे बघून खालच्या आवाजात सांगितलं की शेवटची ओळ त्याच्याकडे कधीच नव्हती. पस्तीस वर्षांत शंभर ओळी बसवून पाहिल्या, एकही लागली नाही. आज समोर उभं राहिल्यावर आपोआप येईल असं त्याला वाटलं होतं.

अडला तो हरला. अंगणात हे सगळ्यांनाच माहीत होतं. बाबांनी हात थांबवला की संपलं, दहावी बारीही टेलरची. मला माझा बाप माहीत आहे. पत्ते खेळताना त्यांनी आपल्या नातवालासुद्धा कधी जिंकू दिलेलं नाही. मी त्यांच्या बोटांकडे पाहत राहिले.

बोटं थांबली नाहीत. बाबांनी मान वर केली नाही. ढोलकीकडे बघत, शाळेत शेजारच्याला उत्तर सांगावं तशा दबक्या आवाजात त्यांनी मुकादमाला ओळ दिली:

*आता आपलीच चिंदी शोधीत आलाय आमच्या दारामंदी.*

 मुकादमाने ती ओळ घेतली आणि असा आवाज लावला की पलीकडच्या घरातली दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. हसत कोणी नव्हतं. बाबांच्या नऊ पाडावांत इतकी नेमकी लागलेली ओळ एकही नव्हती, हे तिथल्या दोन्ही शाहिरांना कळलं होतं.

मी वहीत ती उतरवली आणि पेन तसंच धरून बाबांकडे पाहिलं.

"त्याच्या नावावर लिही," बाबा म्हणाले. "बारी त्याची हाय."

मी लिहिलं. मुकादमाने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग म्हणाला, पुरं झालंय तर आता एकदा पहिल्यापासून होऊन जाऊ दे. बाबांनी ठेका धरला.